पान एकशे बारा

डोंगर बरोबर आहे, ऑर्लिंडा म्हणते,
माथ्यावरचा तुटका दातसुद्धा.
गावाचं नाव खोटं,
गुत्त्यावर चढवलेला मजला खोटा,
आणि शेरीफ? तो तर दम्यानं गेला, अंथरुणात.

पण पान एकशे बारावर
ह्या बाबानं चक्क नदी सोडलीय
आपल्या कुरणातून.
घोडे पोटापर्यंत बुडतात तिच्यात.

युस्तासियो हसतो. न्यू मेक्सिकोत
चाळीस वर्षं पिंपांनी पाणी वाहिलेला माणूस.
"ओहायोत बसून लिहिलं असणार.
तिथं नद्या फुकट."

सकाळी खेचरावर पिंपं लादून ती निघते.
विहीर दोन मैल.
भेगाळलेल्या सखल पट्टीशी
खेचर सरळ चालत राहतं.
ती थांबते, इकडेतिकडे बघते,
झगा घोट्याच्या वर उचलते
आणि पलीकडे जाते.