कारण : इतर

जुळे सोलापुरात, सात मजल्यांच्या सांगाड्याखाली
पत्र्याच्या शेडमध्ये बसलेय.
पंखा गरम हवा इकडून तिकडे नेतो,
भीमाशा मुकादमाच्या वहीची पानं
उलटतात, परत येतात.

जिंदम शेठ म्हणाले, सॉफ्टवेअर घेतलंय,
एपीआय का काय ते पण दिलंय त्यांनी.
आता ही वही रोजच्या रोज त्यात गेली पाहिजे,
आपोआप.
आपोआप म्हणजे मी.

'सुरुवात करा, पाच मिनिटांत'
असं पहिल्याच पानावर लिहिलंय.
ती पाच मिनिटं सोमवारी सुरू झाली.
आज गुरुवार.

आधी नुसतं विचारलं : कुठली कुठली कामं चालू आहेत?
उत्तर आलं, ४०१.
म्हणजे गेटवरचा हणमंतू,
जो रोज मला बघतो
आणि रोज म्हणतो, पास दाखवा मॅडम.
पास म्हणजे चाळीस अक्षरांचं टोकन,
एकदाच दिसतं, नंतर नुसते ठिपके.
मी ते सिमेंटच्या पावतीमागे उतरवून घेतलं.
असं कधीही करू नका, हे
त्याच पानावर ठळक अक्षरांत होतं.

मग २००.
आत दोन चौकटी कंस,
मधे काही नाही.
मोकळ्या रानात फक्कीनं आखलेला प्लॉट
असतो, तसं.
बराच वेळ बघत राहिले.
रिकामं का असेना, पण बोललं माझ्याशी.

आता आजची नोंद.
वहीत भीमाशाचं अक्षर :
मजूर चौदा. हजर पाच. काम खोळंबले.
कारण तो लिहीत नाही,
कारण सगळ्यांना ठाऊक असतं.
सर्व्हरला ठाऊक नाही. त्याला कारण लागतंच,
आणि तेही त्याच्या यादीतलं :
पाऊस. संप. माल नाही. यंत्र बंद. अपघात.
बर्फवृष्टी.

बाहेर त्रेचाळीस.
मी यादी वाचून दाखवली. भीमाशा म्हणाला,
"बर्फ लिवा की ताई. तेवढंच गार वाटंल."

खरं कारण : आज पाणी आलं.
पाचव्या दिवशी, पहाटे चारला,
आणि तुळसव्वा, तिची सून, नीलव्वा,
नऊच्या नऊ जणी घागरी, पिंपं, पातेली
भरत बसल्या.
पाणी नाही म्हणून काम थांबतं
हे कुठल्याही यादीत घालता येईल.
पाणी आलं म्हणून थांबतं, ते कुठे घालू?

'इतर' निवडलं.
शेऱ्यात दोनच शब्द : पाणी आले.
२०१. नोंद झाली. क्रमांक एक.
शेडमध्ये एकटीच टाळी वाजवली मी,
हणमंतूनं वाकून पाहिलं.

मग परवाचं पान पाठवलं :
पाचव्या मजल्याचा स्लॅब, सकाळी सात.
परत मागवून बघितलं तर
रात्री दीड.
घड्याळ त्यांचं दुसऱ्या मुलखाचं,
साडेपाच तास मागं चालतं.

भीमाशानं चष्मा कपाळावर चढवला.
"रात्री दीडला कोण स्लॅब टाकतंय बे?"
मग थांबला.
"टाकल्तो की. अक्कलकोट रोडला.
उन्हानं तडे जायलालते, म्हणून
हॅलोजन लावून रात्री टाकल्तो.
तुळसव्वाला सातवा महिना, तरी पाट्या दिली पहाटंपर्यंत.
ते कुठं लिवलं नव्हतं कुणी.
ते बी घालता येतंय का ह्यात?"

मी घातलं.
काम : स्लॅब. वेळ : रात्री दीड.
शेरा : पाट्या तुळसव्वानं दिल्या.
सर्व्हरनं परत पाठवलं :
४२२, तारीख आवश्यक.

कुठली तारीख, मी विचारलं.
त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं,
सोडून दिलं.

"मे हुता," भीमाशा म्हणाला,
"मे हुता म्हणून सांगा की त्याला."