टेपचं दुसरं टोक

टेपची डबी मर्ना स्टेनरूडच्या हातात असते,
मी दुसरं टोक धरतो.
पगार तेवढ्याचाच: सप्टेंबर ते नोव्हेंबर,
रात्रपाळी, काट्याशेजारची खोली, एक हीटर,
आणि कॅनडाकडून येणारा वारा फुकट.

मी बंपरला टोक लावून उभा राहतो,
ती मागं चालत जाते.
पिवळी पट्टी ट्रकच्या कडेनं सळसळत उलगडते,
अंधारातून आवाज येतो, "ताणून धर."
मग आकडा.
मर्नाकडे लांबण नाही.

कायद्याला शेतीची थोडी माया आहे.
सुगीत गवत, बीट, गहू वाहणाऱ्याला
तो पाच फूट जादा देतो,
दुकानदार तोलून झाल्यावर मूठभर वर टाकतो तसे.
ती मूठ पंधरा नोव्हेंबरच्या मध्यरात्री मिटते.
अकरा एकोणसाठला जो ट्रक शेतकऱ्याचा असतो
तो बारानंतर नुसताच लांब.

लॉयल ओडेगार्ड आला बारा वाजून दहा मिनिटांनी.
गवताचे गोल गठ्ठे, एकेक माझ्या खांद्याएवढा,
मागचे दोन ट्रेलरच्या काठाबाहेर डोकावणारे.
खाडीवरचा पूल बंद होता, म्हणाला,
तीन मैलांच्या जागी एकवीस मैल फिरलो.
मर्नानं ऐकून घेतलं. घड्याळाकडे पाहिलं नाही,
म्हणजे आधीच पाहिलेलं होतं.

मी टोक लावलं.
लॉयल माझ्याशेजारी उभा, टोपी हातात,
उणे अकरा तापमानात टोपी हातात.
माझा अंगठा वीतभर मागं सरकला.
वितीनं काही भागणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं,
तरी सरकला.
ऐंशी फुटांपलीकडून मर्ना म्हणाली,
"टोक हललं."
पट्टीतून कळतं तिला. मासा गळाला लागल्यासारखं.

चार फूट दोन इंच जास्त.

तिनं पावतीबुक खोलीत ठेवलं,
हातमोजे चढवले आणि खांदा लावायला आली.
तिघं मिळून ढकलत होतो आम्ही,
लॉयल शिव्या देत होता, पुलाला, आम्हाला नाही.
पहिला गठ्ठा पडला तेव्हा पायाखालची खडी हलली.
दुसरा थोडा घरंगळत गेला
आणि वेगमर्यादेच्या पाटीला टेकून थांबला.
मग पुन्हा टेप. पुन्हा मी. या वेळी अंगठा जागचा हलला नाही.
बसला मापात.

दंड? लिहिला.
आला तेव्हा लांब होता, ते काही पुसता येत नाही.
पुलाची हकीकत शेऱ्याच्या रकान्यात घातली,
इतकी बारीक अक्षरं की वाचणाऱ्यानं चष्मा शोधावा.
लॉयलनं सही केली. उद्या नेतो, म्हणाला, दोन्ही.

पहाटे बर्फ सुरू झालं.

हिवाळाभर ते तिथंच होते.
जानेवारीत औषधं आणायला त्या रस्त्यानं गेलो,
तर पाटीजवळ नऊ हरणं,
गठ्ठ्यात नाकं खुपसून उभी,
ट्रक शेजारून गेले तरी मान वर न करणारी.
मर्नाची खिडकी उजेडात. ती असेल आत, मोजत नसेल.

एप्रिलात पुढल्या मोसमासाठी नाव द्यायला गेलो
तेव्हा लॉयलही आला होता.
गवत उरलं नव्हतं. केशरी सुतळी तेवढी,
चिखलात रुतलेली, गुंतलेली.
त्यानं ती उपसायला घेतली
आणि न विचारता एक टोक माझ्या हातात दिलं.
मी सवयीनं घट्ट धरलं.
तो सोडवत, शिव्या देत, मागं मागं गेला,
कुंपणापर्यंत, कुंपणाच्याही पलीकडे,
आणि सुतळी संपेचना.