सव्वादोन मीटर

बुधवारच्या बाजारात, गंगेवर,
ताडपत्रीवरच्या कटपीसच्या ढिगातून
मी ते ओढून काढलं:
मोरपंखी जमिनीवर अबोली फुलं,
देठ बारीक, पानं जराशी वेडीवाकडी.
"सव्वादोन भरेल, मावशी. एवढंच आहे.
मागून मागितलं तर मिळायचं नाही."
मी मागून मागणाऱ्यांतली नाहीच.

सातपूरला सव्वीस वर्षं
करडा कोट घालून वायरींना टेप गुंडाळली.
कोट कंपनीचा. मापं तीन: लहान, मध्यम, मोठं.
मी मध्यममध्ये लागले
आणि मोठ्यातून रिटायर झाले.
मधल्या काळात कुणी मोजून पाहिलं नाही.

म्हणून छाती मोजली तेव्हा
आकडा मोठ्यानं म्हणाले नाही.
वहीत लिहिला, दुधाच्या हिशोबाशेजारी.
मग कंबर. मग पाठीची उंची,
त्याला मात्र दुसरं माणूस लागतं.
शमीम भाभीनं टेप धरली, म्हणाली,
"तुझा डावा खांदा पाव इंच उतरलाय."
कधी उतरला?
बहुतेक रात्रपाळीत.

ड्रेस कसा हवा ते ठरलेलं होतं.
कंबरेत चुन्या, बाहीला झालर,
गळा थोडा खोल. थोडा म्हणजे
भाभीनं खडूनं काढला त्याहून बोटभर वर,
आणि रात्री परत बोटभर खाली.
खिसे दोन. त्यावर तडजोड नाही.
कोटाला एकच होता,
तोही पेन लावण्यापुरता.

कापड मिठाच्या पाण्यात भिजवलं,
गॅलरीत वाळवलं, इस्त्री केली.
पवननगरचं पाणी गेलं, आलं.
जमिनीवर अंथरून, गुडघ्यांवर बसून,
तीनदा मोजलं,
कात्री चालवली.
नव्या कात्रीचा तो आवाज,
कोबीचं पान मोडावं तसा.

आणि उचलून पाहते तर
पाठीच्या तुकड्यावर
फुलं सगळी खाली डोकं वर देठ.

छापाला तोंड असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सांगितलं होतं. भाभीनंच, दोनदा.
मी गळ्याचा विचार करत होते.

"जाऊ दे," ती म्हणाली, "पाठ कोण बघतं?"

मी बघते.
सकाळी पावणेसातला पंचिंगच्या रांगेत
सव्वीस वर्षं मी पाठीच पाहिल्या.
सिंधू सांगळे पाठीवरून ओळखू यायची,
मानेखालच्या तिळावरून.
विजयाची पाठ नवरा गेल्यावर रुंद झाली.
चेहरे जेवणाच्या सुट्टीत भेटायचे,
तोवर डब्यांत खुपसलेले.

दोन दिवस कापड घडी करून ठेवलं.
तिसऱ्या दिवशी पायमशीनला तेल घातलं.

शिवलं.
एक बाही उसवून पुन्हा लावली,
झालर पहिल्यांदा उलट्या अंगानं बसली.
चेन लावताना दोन सुया मोडल्या
आणि एक शिवी, जी मला येते हे मला माहीत नव्हतं.
सुनेनं फोनवर पाहून म्हटलं, "आई, किती गर्ली!"
मी शब्द कपाटात ठेवून दिला,
एक पेटीकोट, एक वाकड्या बाहीचा कुर्ता
आणि आता हे, यांच्या शेजारी.
माझ्या हातचं कपाट. अजून निम्मा हँगरही अडत नाही.

धुऊन दोरीवर टाकला,
खालच्या काठाला चिमटे लावून, डोकं खाली.
गार वारा होता, ड्रेस हळूहळू वळत राहिला.
पुढून फुलं पडत होती.
मागून नीट उभी होती.
चहा निवेपर्यंत मी तिथंच.

रविवारी घालून निघाले, स्कूटरवर, गंगापूर रोडनं.
सिग्नलला मागून एक पोरगी ओरडली,
"काकू, तुमची फुलं उलटी आहेत!"
"हो," म्हटलं, "मीच कापलीत."
हिरवा लागला.
डावा खांदा त्या ड्रेसात उतरलेला दिसत नाही,
भाभीनं पाव इंच तिथं सोडलंय.
उजव्या खिशात हात घातला तर
खडूचा तुकडा, तिचा,
परत द्यायचा राहिलेला.