नियंत्रण नमुना

बारा क्रमांकाची नळी.
नळीवर नाव लिहायचं नसतं,
पण म्हातारा आपणहून सांगून गेला:
येर्केबुलान, गाव कारासू, मेंढ्या राखायचो.
आणि बाही खाली ओढता ओढता,
"बाई, रक्ताला सांग, खरं बोल म्हणावं.
कागद मिळाला तर पेन्शन वाढेल."

सदतीस अंशांवर दोन दिवस
त्याच्या पेशी उबवत ठेवल्या.
मग कोल्चिसिन, एका रानफुलाच्या कंदातलं विष,
ऐन विभागणीच्या क्षणी पेशीला म्हणतं, थांब.
हातभर उंचीवरून
ओल्या काचेवर थेंब सोडायचा.
टप्प.
आत शेहेचाळीस जण हातपाय पसरून पडतात.

मला शिकवलं होतं, कमरा मोज.
प्रत्येकाला एकच असते.
ज्याला दोन, त्यानं किरणांचा मार खाल्लाय,
तुटून भलत्याशीच सांधला गेलाय.
पण असल्या पेशी टिकत नाहीत,
दोन्हीकडून ओढल्या जातात
आणि विभागतानाच मरतात.
येर्केबुलानचा दिवस साठ वर्षांपूर्वीचा.
शाळेमागच्या चरात पालथं पडायला सांगितलेलं,
एक कुत्रा तेवढा उभा राहिला, वर बघत.
इतक्या जुन्या फिर्यादीला
दोन कमरांचा साक्षीदार मिळत नाही.

म्हणून रंगवते.
पहिलं लाल, दुसरं हिरवं, चौथं पिवळं.
काळोख्या खोलीत, पाऱ्याच्या दिव्यापुढे,
लाल कांडीला दुसऱ्याच कुणाचं शेपूट दिसलं
की वहीत एक टिंब.
ही अदलाबदल टिकते,
पेशीकडून पेशीकडे,
वहिवाटीसारखी.

दोन हजार पेशी. एकोणीस टिंबं.
वयाची नऊ वजा;
वयही मोडतं, सांधतं,
त्याचा आळ स्फोटावर घेता येत नाही.
उरली दहा.
वक्ररेषेवरून बोट खाली आणलं:
शून्य पूर्णांक चार ग्रे.
खाली बारीक अक्षरांत, दोनही असेल, सहाही असेल.
कायद्याला बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

राहिला नियंत्रण नमुना.
ज्याला काहीच झालेलं नाही असा माणूस.
ठरलेला ड्रायव्हर आला नाही,
म्हणून मीच दंड पुढे केला.
अर्जात लिहिलं: जन्म शहरात, संपर्क नाही.
उन्हाळ्यात मावशीकडे जायचो, इर्तिशपलीकडे,
घोडीचं दूध, छपरावर झोपणं,
ते अर्जात कुठे लिहिणार?

चार टिंबं यायला हवी होती.
अकरा आली.
पुन्हा मोजली. अकरा.
वितालिना कोर्नेयेव्हनाला
नाव झाकून काच दिली.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला,
"हा कोण आहे, कुठल्या गावचा?"

नोंदवहीत माझ्याच अक्षरात आहे:
सी-चार, नियंत्रणासाठी अयोग्य.

येर्केबुलान गुरुवारी कागद न्यायला आला.
टोपी गुडघ्यावर ठेवून बसला.
"मग? बोललं का खरं?"
दोघांचंही, असं म्हणणार होते.
सही कुठे करायची ते दाखवलं.