एक नग जादा

चौतीस वर्षं मी कोर्पेला समूहाचा माल मोजला.
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात,
दुपारी तीनलाच काळोख पडतो तेव्हा,
पेन्सिली, याद्या, थर्मास घेऊन निघायचो:
कुओपिओला लिफ्टचे दोर,
पोरीला तांब्याच्या नळ्या,
राउमाला नांगर, साखळ्यांसकट,
एका गावी राईचे पाव, ते सगळ्यांत आधी,
कारण पाव हिशेबासाठी थांबत नाहीत.
आणि उत्तरेच्या वाटेवर शवपेट्या,
पाइनच्या, तीन मापांच्या.
लहान माप मी घाईनं मोजायचो.

मालक एकदाच दिसला. हेलसिंकीत,
पिवळ्या घराच्या पायरीवर
स्वतःच बुटांवरचा बर्फ झटकत होता.
दारावर तळहाताएवढी पितळी पाटी.
"कुठल्या कारखान्यातले तुम्ही?"
"सगळ्याच."
तो हसला. "मग आपण सारखेच."
सगळं माझ्या गणतीत होतं, हे खरं;
खिजगणतीत मात्र मी कुणाच्याच नव्हतो.

मग इमात्राचा कुलपांचा कारखाना.
यादीत चार हजार दोनशे अकरा.
फळीवर चार हजार दोनशे बारा.
पुन्हा मोजली. पुन्हा बारा.
गोदामवाली हिल्का तुर्पेइनेन
त्या शेवटच्या कुलपाकडे बघत म्हणाली,
"ते वेइक्कोचं. जेवणाच्या सुट्टीत घडवलेलं.
किल्ली त्याच्या खिशात राहिली,
आणि तो गेला, तुमच्याच पेटीतून.
मधलं माप."

मला माहीत होतं, तिला नव्हतं:
कारखाना मार्चमध्ये बंद.
पान चौदा, ओळ नऊ.
ताळेबंद आणि टाळेबंदी,
जीभ जराशी मागे वळली की झालं.

नियम असा, की जादा नग सापडला तर नोंदवा.
नोंदवला की तो समूहाचा.
मी अकरा लिहिले आणि सही केली.
चौतीस वर्षांतली तेवढी एकच खोटी मोजणी.
हिल्कानं कुलूप एप्रनच्या खिशात टाकलं,
कॉफी ओतली.
कप उलटा करून पाहिला, तळाशी आमचाच शिक्का.

आता लिफ्टमध्ये चढलो की
दोराची जाडी आठवते, मिलिमीटरमध्ये.
झोप येत नाही तेव्हा तेच डोक्यात:
ज्याची किल्लीच जमिनीखाली गेली
ते कुलूप मिटलेलं होतं की उघडं?
मी बघितलं नाही.
तसा रकानाच नव्हता.