दारोदार, मॉर्निंगसाइड

पत्रकं वाटायची म्हणजे आधी दारं वाचायची.
पितळी पाट्यांवर नावांपेक्षा पदव्या लांब.
फार्कहरबाई, निवृत्त भूकंपशास्त्रज्ञ,
चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या,
"जाहीरनाम्यात पान एकोणीस. तळटीप चुकलीय."
मी खूण केली : विचार करतायत.

सतरा नंबरात दोन डॉक्टरेट, एक चेलो
आणि बिघडलेली बेल.
तिच्यावरची चिठ्ठी लॅटिनमध्ये.

दार कुणी आपटत नाही इथे.
नकारसुद्धा लोकरी मोजे घालून येतो.
गरिबीबद्दल सगळेच हळहळतात,
फक्त कोपऱ्यावर स्वस्त घरं होणार म्हटल्यावर
एकाएकी झाडांची काळजी वाटू लागते.

दुपारी समुद्रावरून धुकं चढलं,
धुरांडी पुसट झाली.
भिंतीला टेकून मी मतदारसंघाचा तक्ता चाळला :
घरांच्या किमती, उत्पन्न, शिक्षण.
दहातले सात पदवीधर.

अरे, त्या सातांत मीही आलो की.
इस्लामपूरचा, एम.एस्सी., संख्याशास्त्र.
बावीस नंबरच्या तळघरात भाड्याने,
रात्री सुपरमार्केटात दुधाच्या बाटल्या मांडणारा.
माझ्या खिडकीतून रस्त्यावरचे फक्त बूट दिसतात.
मोजायला सोपे.

यादीतलं शेवटचं नाव माझंच निघालं :
घोरपडे, मधला र गळालेला.
सात पायऱ्या उतरलो.
बेल दाबली, रीतसर थांबलो,
खूण केली : घरी कोणी नाही.