बर्फाचे जोडे

शिगवण मामांच्या पडवीत, इरल्याशेजारी,
खुंटीला टांगलेत दोन लांबट सांगाडे:
लाकडी चौकट, आत चामड्याची जाळी.
पाहुणे विचारतात, यात मासे कसले धरता?
मामा म्हणतात, पाय.

पौषातल्या एका पहाटे म्हणाले,
चल, निसणीच्या वाटेनं सड्यावर जाऊ.
जोडे उतरवले,
जाळीतलं कोळ्याचं घर
बोटावर घेऊन वाशाला चिकटवलं.

करड वाळलं की डोंगर निसटतो.
चप्पल टिकत नाही, अनवाणी टाचही नाही.
मामांनी घोट्याभोवती वाद्या आवळल्या
आणि निघाले, पाय फाकवून, बदकासारखे.
वरून भारा घेऊन उतरणारी भिकीबाय थांबली,
'काय ओ हवालदार,
सुपं घालून डोंगर पाखडायला निघालात?'
भारा डोक्यावरच हलत राहिला तिचा, हसून हसून.

'वजन वाटून द्यायचं,' मामा मला शिकवत होते,
'एका जागी जोर दिलास की आत गेलास.'
किती आत?
त्यांनी हात छातीपाशी नेला,
मग गळ्यापाशी,
मग तोच हात कपाळाला लावून घाम पुसला.

अर्ध्या वाटेत, कुंभ्याच्या झाडाखाली,
पाणी पिता पिता म्हणाले,
डावा माझा. उजवा काशिरामचा.
पुढं काही नाही.
बाटलीचं बूच बराच वेळ फिरवत बसले.

सड्यावर पोचलो तेव्हा खाली खाडी नव्हती.
पांढरं, सपाट, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत,
मधे माडांचे चार-दोन शेंडे.
मामा कड्याच्या टोकाला गेले,
एक जोडा पुढं केला, अधांतरी,
वजन पेलेल का ते बघावं तसा.
मी त्यांची बाही धरली.

तेवढ्यात त्या पांढऱ्यातून
कुठलीशी होडी फटफटत गेली,
गिरणी सुरू झाली,
कुणीतरी म्हशीला तिच्या आईवरून शिवी दिली.
मामांनी पाय मागं घेतला.
'तिकडे आवाज नसायचा,' म्हणाले,
'एवढाच फरक.'

उतरताना उजवा माझ्या पायाला बांधला.
माझा एक पाय मोठा, एक माझ्या मापाचा.
गवतावर तो जोडा थपाथप वाजू लागला
तसे मागं न वळता म्हणाले,
आपटू नको.
काशिरामला खपायचं नाही.

रात्री कंदिलापाशी बसून त्यांनी
जाळीतली कुसळं वेचली,
डाव्यातली.
उजवा माझ्यापुढं सरकवला
आणि चिमटा दिला.